शेवंतीवरची पोती

आक्का, गेल्या आठवड्यात तुझ्या पुण्यानुमोदनाला बाजारातला झेंडू आणावा लागला. तुझ्या फोटोला झेंडूचा हार! तू असतीस तर म्हणाली असतीस, "ह्ये काय, दुकानाचं उद्घाटन हाय का?" पण करणार काय? तुझ्या अंगणातली शेवंती अजून कळ्यांवरच आहे. ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या आहेत, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. महिनाभर थांबली असतीस तर तुझीच फुलं तुला वाहता आली असती. पण थांबणं तुला कधी जमलंच नाही. लोकांनी ऊठ म्हणायच्या आधी उठायचं, ही तुझी रीत.

चार जण बोलले. आईबाप लवकर गेले, तू धाकट्या भावाला वाढवलंस, शिकवलंस, नवरा वारल्यावर माहेरच्या गावी येऊन राहिलीस, दूध संस्थेत कॅन धुतलेस. सगळं खरं होतं. शेवंतीचं नाव मात्र एकानेही काढलं नाही. शेवटी मला उठवलं. मी दोन वाक्यं बोललो आणि बसलो. लोकांना वाटलं, भाऊ गहिवरला. गहिवरलो होतोच, पण बसलो त्याचं कारण निराळं होतं. मला जे सांगायचं होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं. आणि जिला सांगायचं होतं ती फोटोत जाऊन बसली होती.

ते आता इथे सांगतो. तू मधे बोलायची नाहीस, एवढाच काय तो फरक.

तुझ्या शेवंतीवरून आपण किती भांडलो! मला एकेका झाडाला एकच कळी ठेवून ताटलीएवढं फूल आणायचं असायचं. तसलं फूल मी बीडला एका साहेबांच्या बंगल्यात पाहिलं होतं. तू पावसाळ्यात शेंडे खुडत सुटायचीस. एक शेंडा खुडला की चार फांद्या फुटतात, चार खुडले की सोळा, आणि मग झाडभर बोराएवढी पांढरी फुलं. राखी पौर्णिमा झाली की खुडणं बंद. मग कुणी झाडाला हात लावलेला तुला चालायचा नाही. मी म्हणायचो, "आक्का, एक फूल मोठं होऊ दे की." तू म्हणायचीस, "सहकारी संस्थेचा सेक्रेटरी तू, आन् एकाचंच मोठं करायचं सुचतंय व्हय रं तुला?" तुझं म्हणणं खरं होतं. आजही आहे. पण एकदा तरी ते मोठं फूल आणून दाखवायचं होतं तुला, हेही तितकंच खरं.

त्या पांढऱ्या फुलांची वेळ ठरलेली होती. सहा डिसेंबरला सकाळी आपल्या विहारात वंदनेला तुझ्या शेवंतीची परडी आली नाही असं एकही वर्ष गेलं नव्हतं. वस्तीतल्या बाया येऊन मागून न्यायच्या, "आक्का, चार फुलं." शेजारची भागाबाई, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली, तिच्या देवाला न्यायची. तू कुणाला नाही म्हटलं नाहीस. फक्त तोडू द्यायची नाहीस, स्वतः तोडून ओंजळीत द्यायचीस.

आणि मग तो दुष्काळ आला.

पालीच्या तलावाचा तळ उघडा पडला होता. गाळाच्या खपल्यांवर पोरं क्रिकेट खेळायची. गावात टँकर यायचा तो आठवड्यातून दोनदा, आणि कॅन धुवायला म्हणून एक खेप संस्थेच्या टाकीत पडायची. ती टाकी तुझ्या अंगणाला लागून, मधे फक्त एक बोळ. आजवर कॅनची पहिली विसळणी, ते दुधाळ पांढरं पाणी, तुझं असायचं. कॅन धुणाऱ्या बाईचा तो हक्क, कुणी लिहून दिलेला नव्हता पण सगळे मानायचे. तू बादली भरून ती शेवंतीला न्यायचीस. दुष्काळात बैठक झाली आणि ठरलं की ते पाणी वासरांच्या हौदात जाईल. ठराव मीच वाचून दाखवला. तू दाराशी उभी होतीस. म्हणालीस, "बराबर हाय. फुलाच्या आधी मुकं जनावर." आणि बादली उपडी करून ठेवलीस.

मला वाटलं, संपलं. आता शेवंती जाणार.

गेली नाही. तू न्हाणीचा दगडच उचलून वाफ्याच्या कडेला आणलास. चारी बाजूंनी जुनी लुगडी बांधलीस आणि तिथेच अंघोळ करू लागलीस. साबण सोडलास, कारण साबणाच्या पाण्यानं मुळं जळतात. डाळीचं पीठ लावून अंघोळ, राखेनं भांडी. ते सगळं पाणी वाफ्यात. वर उसाचं पाचट अंथरलंस, की ओल उडू नये. हे मला तेव्हा ठाऊक होतं का? निम्मंअर्धं ठाऊक होतं. आडोसा दिसत होता, पाचट दिसत होतं. पण माणसाला जे बघायचं नसतं ते डोळ्यांपुढे असूनही दिसत नाही. मला माझ्या खुर्चीशिवाय काही दिसत नव्हतं.

खुर्चीचं तुला सांगायला नको. आपल्या वस्तीतला मी पहिला सेक्रेटरी. तुझ्याच कष्टावर शिकलो म्हणून झालो. पण त्या खुर्चीवर बसल्यापासून माझ्या मनात एकच भीती असायची, कुणी म्हणू नये की ह्यानं आपल्या माणसांचं बघितलं. दुसऱ्यांनी आपापल्या माणसांचं बघितलं तर त्याला गाव रीत म्हणायचं. मी बघितलं असतं तर तो भ्रष्टाचार झाला असता. म्हणून तुझ्या बाबतीत मी सगळ्यांपेक्षा कडक. भावापेक्षा कडक, सेक्रेटरीपेक्षाही कडक.

त्यात टाकीतलं पाणी कमी भरू लागलं. कुणीतरी झाकण उघडून नेत होतं. मी झाकणाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या घरात खिळ्याला. संस्थेच्या भिंतीवर मोठा हॅलोजन दिवा बसवला, दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत जळणारा. उजेड थेट टाकीवर. टाकीवरून बोळ ओलांडून तुझ्या वाफ्यावर. तू पहिल्याच दिवशी म्हणालीस, "गौतम, माझ्या अंगणात तर दिवसच मावळंना की रं." मी म्हणालो, "बरंच की. फुकटचा उजेड."

फुकटचा उजेड! आक्का, हे दोन शब्द मला आता घास गिळू देत नाहीत.

दिवाळी गेली. गावात हिरवं असं काही उरलं नव्हतं आणि तुझी शेवंती कमरेच्या वर गेली. काळीभोर पानं, जाड देठ, आणि कळी एकही नाही. कधी नव्हे ती नुसतीच वाढत चाललेली. येणारे-जाणारे बघायचे. बघायचे आणि टाकीकडे बघायचे. एके सकाळी दूध घालायला रांग लागलेली असताना चेअरमन माझ्या टेबलाशी आले आणि हसत म्हणाले, "सेक्रेटरी, सगळ्या शिवारात तुमच्या आक्काचंच लई हिरवं हाय. पाणी कुटलं पितीय म्हनायची ती शेवंती?"

रांगेतली चार माणसं हसली. एवढंच झालं होतं. चार माणसं हसली. मी उठलो. तू हौदापाशी कॅन घासत होतीस. उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांना ऐकू जाईल असं मी विचारलं, "आक्का, टाकीच्या किल्लीला तू हात लावलास का?"

तू वर बघितलंस.  मला वाटलं आता तू शिव्या देशील, माझं सगळं लहानपण चव्हाट्यावर मांडशील. मी त्याची वाटच बघत होतो. शिव्या दिल्या असत्यास तर मी मोकळा झालो असतो. तू फक्त म्हणालीस, "तुला काय वाटतं?"

मी टाकीच्या कुलपाकडे बघितलं. तेच माझं उत्तर झालं.

तू उरलेले कॅन घासलेस. एकही तसाच टाकला नाहीस. पालथे घालून ओळीने ठेवलेस, हात पुसलेस आणि घरी गेलीस. दुपारी मी जेवायला आलो तर वाफा उपसलेला. सगळी झाडं मुळासकट उपटून तू भागाबाईच्या शेरडांपुढे टाकली होतीस. शेरडांनीही तोंड लावलं नाही, कडू लागली असतील. संस्थेत तू त्यानंतर पाय ठेवला नाहीस. टाकीतलं पाणी कोण नेत होतं ते आजवर कळलेलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणारा संन्याशाचा सख्खा भाऊ.

त्या वर्षी सहा डिसेंबरला परडी येणार नाही असं मी धरून चाललो होतो. तू आलीस. हातात स्टीलच्या वाटीत अकरा-बारा पांढरी फुलं. घरामागे न्हाणीच्या भिंतीआड तेलाच्या डब्यात एकच झाड ठेवलं होतंस, त्याची. वंदना चालू असताना माझं लक्ष त्या वाटीवरच होतं. आणि मला काय वाटलं सांगू? मनातलं सांगायचं ठरवलंच आहे तर सांगतो. मला वाटलं, बघ, म्हणजे हिला कुठून तरी पाणी मिळतच होतं. तथागतासमोर हात जोडून मी हा विचार करत होतो.

नंतर पाऊस झाला. आपलं बोलणं-चालणं चालू राहिलं. तू भाकरी पाठवायचीस, तुझी भावजय शोभा तुला कालवण द्यायची, पोरांच्या परीक्षा, दुखणी-खुपणी सगळं बोललो. ती एक सकाळ तेवढी कुणी काढली नाही. डब्यातल्या झाडाच्या बुडाला आलेले फुटवे काढून तू पुन्हा वाफा लावलास. पुन्हा शेंडे खुडलेस. आणि मग दरवर्षी एक नवीनच प्रकार सुरू झाला. दसऱ्याच्या सुमारास तू बांबू रोवायचीस, आणि रोज दिवेलागणीला सगळ्या वाफ्यावर दुहेरी पोती टाकायचीस. सकाळी उजाडल्यावर काढायचीस. कळ्या रंग धरेपर्यंत रोज. ताप असला तरी, गुडघे धरले तरी.

मी एकदा विचारलं होतं, "पोती कशाला गं?"

तू वळूनही बघितलं नाहीस. म्हणालीस, "थंडी लागती फुलांना."

मी घरात येऊन शोभाला सांगून हसलो. म्हटलं, आक्का आता म्हातारी झाली, फुलांना पांघरुणं घालती.

गेल्या वर्षी संस्थेच्या आवारात लावायला रोपं आणायची होती म्हणून मी गेवराईला गेलो होतो. हायवेच्या कडेला एक रोपवाटिका आहे. तिथल्या म्हाताऱ्या मालकाकडे शेवंतीच्या वाफ्यांवर ओळीने बल्ब टांगलेले. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "सेक्रेटरीसाब, शेवंतीला लांब अंधार पाहिजे, तवाच कळी धरती. बल्ब लावला की तिला वाटतं दिवस अजून मोठा हाय. मग ती नुसती वाढत ऱ्हाती, हिरवीगार. आमाला फुलं लग्नसराईला काढायची असली तर मुद्दाम उजेड ठिवतो."

मी म्हणालो, "आणि उजेड बंद करता आला नाही तर?"

"तर झाकायचं. पोत्यानं झाकलं तरी भागतं."

आक्का, मी तिथेच रोपांच्या कडेला बसलो. त्यानं मला पाणी आणून दिलं. त्याला वाटलं ऊन लागलं.

रोपं न घेताच परत आलो. घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तू वाफ्यावर पोती टाकत होतीस. एक टोक बांबूला अडकवून दुसरं टोक ओढत होतीस आणि ते तुझ्याच्याने ओढवत नव्हतं. संस्थेच्या भिंतीवरचा माझा दिवा तुझ्या पाठीवर पडला होता. मी बोळाच्या तोंडाशी उभा राहून बघितलं. मग घरात गेलो.

का गेलो? सगळं तर कळलं होतं. ती हिरवाई कुठून आली, कळ्या का धरल्या नाहीत, भिंतीआडच्या डब्याला फुलं का आली. एका बटणाचं काम होतं. बटण दाबायचं आणि बोळ ओलांडून यायचं, की आक्का, चुकलो. पण बटण दाबलं तर तू विचारणार, कावून बंद केलास? आणि मग पहिल्यापासून सगळं बोलावं लागणार. मी उद्यावर ढकललं. उद्याचं परवा झालं. वर्ष गेलं, आक्का. एक अख्खं वर्ष माझं आज-उद्या चालू होतं आणि तू पोती ओढत होतीस.

एकदा मात्र अगदी ओठांवर आलं होतं. या श्रावणात तुला गाडीवर बसवून कपिलधारला नेलं, धबधबा दाखवायला. तू पाण्यात पाय सोडून बसलीस. इतकी खूश होतीस की मला वाटलं, हीच वेळ. मी म्हणालो, "आक्का, एक बोलायचं होतं." तू धबधब्याकडे बोट केलंस आणि म्हणालीस, "बघ की, किती पानी वाया चाललंय. कुलूप लाव त्येला." आणि खळखळून हसलीस. मीही हसलो. ते टोचण्यासाठी बोललीस की मला सोडवण्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. बोलायचं राहून गेलं. दोन महिन्यांनी तू गेलीस. सकाळी पोती काढून घडी घातलेली होती आणि तू ओट्यावर भिंतीला टेकून बसलेली होतीस. भागाबाईनं हाक मारली तेव्हा कळलं.

तू गेल्यावर पोती कोण टाकतंय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या दिवशी कार्यक्रम उरकला, माणसं पांगली, तेव्हा भागाबाई दारात आली. म्हणाली, "भाऊ, पंधरा दिस झालं मी पोती टाकती हाय. उद्यापास्नं मेंढरं घिऊन आमी गोदाकाठाला निघालो. आता कोन झाकनार?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, ती का झाकायची ते?"

"म्हंजी? दिव्यापायी. उजेडात कळी धरत न्हाई म्हून. त्या दुष्काळातच कळलं की आक्काला. म्होरची झाडं वांझ आन् मागल्या डब्याला फुलं, तवाच तिनं ताडलं."

त्या दुष्काळातच. म्हणजे वाटीत फुलं घेऊन विहारात आलीस तेव्हा तुला सगळं माहीत होतं. मी तुला चोर समजत होतो आणि तू माझ्या शेजारी हात जोडून बसली होतीस.

मी भागाबाईला म्हणालो, "मग मला सांगायचं ना तिनं. दिवा बंद केला असता मी."

 ती म्हणाली, "मी म्हनलं हुतं तिला. भावाला सांग की. ती म्हनली, भाऊ असता तर सांगितलं असतं गं. तितं सेक्रेटरी बसलाय. त्यो मीटिंग घील."

आक्का, खरं बोललीस. पहिल्या वर्षी तू मला सांगितलं असतंस तर मी दिवा बंद केला नसता. चेअरमन काय म्हणतील, रांगेतले चार जण हसतील, बहिणीच्या फुलांसाठी संस्थेचा दिवा बंद केला म्हणतील, हाच विचार केला असता. मी ठराव मांडला असता आणि तुझ्या विरुद्ध पहिला हात मीच वर केला असता. तू मला ओळखत होतीस. लहानपणापासून मला तूच तर ओळखत होतीस. माझ्यावर नामुष्की येऊ नये म्हणून तू सेक्रेटरीला विचारलंच नाहीस आणि भावाला थंडीचं कारण सांगितलंस.

त्याच संध्याकाळी मी संस्थेत जाऊन दिवा बंद केला. मला वाटलं होतं, उद्या बोंब होईल. उत्तर तयार ठेवलं होतं, भांडायचीही तयारी होती. चार दिवस कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पाचव्या दिवशी चेअरमन दूध घालायला आले तेव्हा म्हणाले, "दिवा बंद केला का? बरं केलं. किडे लई यायचे." आणि गेले. एवढंच होतं, आक्का. ज्याच्यासाठी तू इतकी वर्षं वाकलीस ते एवढंच होतं.

भागाबाईचं जाणं आठवडाभर लांबलं. आज दिवेलागणीला ती निरोप घ्यायला आली तेव्हा मी तुझ्या अंगणात होतो. भिंतीवरचा दिवा विझलेला, सगळीकडे संधिप्रकाश, आणि मी वाफ्यावर पोती टाकत होतो. मला ती नीट जमत नव्हती. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं.

ती म्हणाली, "भाऊ, दिवा तर बंद हाय. आता कावून झाकताय?"

मी तिच्याकडे बघितलं नाही. म्हणालो, "थंडी लागती फुलांना."

 ती वाफ्याच्या पलीकडे गेली आणि तिनं पोत्याचं दुसरं टोक धरलं.